भांडी धुण्याचे शास्त्र : राखेपासून दुधाच्या बाटलीपर्यंत

भिवपुरी हे नाव मुंबईकराला माहीत असते ते लोकलच्या 'भिवपुरी रोड' या स्थानकामुळे. नेरळ सोडून गाडी कर्जतकडे निघाली की मध्ये हे स्थानक लागते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला मात्र भिवपुरी माहीत असावी ती तिथल्या वीजघरासाठी. आंध्रा नदीचे पाणी घाटमाथ्यावर ठोकरवाडी येथे अडवून मोठ्या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली आणले आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी, भिवपुरीला, १९२२ साली वीज तयार होऊ लागली. त्याआधी १९१५ मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू झाले होते आणि नंतर १९२७ मध्ये भिऱ्याचे झाले. वेगाने येणाऱ्या पाण्याच्या धारेत केवढी शक्ती असते, हे समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण आपल्या भागात नाही.

पाण्याच्या धारेची हीच शक्ती अगदी लहान प्रमाणात आपण रोज वापरतो. नळाखाली खरकटे ताट धरतो तेव्हा ताटाला चिकटलेले अन्नाचे कण ती धार सुटे करते. पण धार जोरदार असली म्हणजे ताट स्वच्छ झाले का? ताट लख्ख दिसले म्हणजे ते जेवायला सुरक्षित झाले का? आणि ज्या दुग्धशाळेत रोज हजारो लिटर दूध नळ्यांमधून वाहते, जिथे आतला भाग कोणाला दिसतच नाही, तिथे स्वच्छता झाली की नाही हे ठरवायचे कशावरून?

हे प्रश्न साधे वाटतात. त्यांची उत्तरे मिळायला मात्र शे-दीडशे वर्षे लागली, आणि त्या इतिहासात मुंबईचाही बराच भाग आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात रोज पोषण आहार शिजतो, त्यामुळे आपणा शिक्षकांच्या दृष्टीने हा विषय आता केवळ पुस्तकी राहिलेला नाही.

आजीचे रसायनशास्त्र

मराठीत भांडी स्वच्छ करण्याला एकच शब्द नाही. आपण भांडे आधी विसळतो, मग घासतो, मग खंगाळतो, नंतर निथळत ठेवतो आणि शेवटी पालथे घालतो. हे पाचही शब्द वेगवेगळ्या क्रिया सांगतात आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे. आधुनिक दुग्धशाळेतील धुण्याचे टप्पे कागदावर मांडले, तर ते जवळजवळ याच क्रमाने येतात.

घासायला काय वापरत? चुलीतली राख आणि नारळाचा काथ्या. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ते पाण्यात विरघळले की द्रावण अल्कधर्मी होते. अल्क तेलातुपातील मेदाम्लांशी संयोग पावून साबण तयार करतो, आणि तो साबण उरलेला तेलकटपणा पाण्यात मिसळायला मदत करतो. राखेचे बारीक कण घर्षणाचे काम करतात. म्हणजे रसायन आणि यांत्रिक बळ दोन्ही एकाच मुठीत! चुलीच्या आचेतून आलेली ताजी राख जंतूंच्या दृष्टीनेही बरी असे. परसातली माती घेऊन भांडी घासण्याची पद्धत मात्र तितकी निर्धोक नव्हती. मातीत, विशेषतः शेणामुतात मिसळलेल्या मातीत, जिवाणूंचे बीजाणू असतात आणि ते सहज मरत नाहीत.

तांब्या-पितळेच्या भांड्यांना राखेऐवजी चिंच किंवा आमसूल लागे. त्यांवरचा काळपट थर म्हणजे मुख्यतः धातूचे ऑक्साइड. ते अल्कात जात नाहीत, आम्लात जातात. तेलकट भांड्याला अल्क, धातूच्या थराला आम्ल : हा भेद आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. त्यामागची कारणमीमांसा पुढे रसायनशास्त्राने दिली.

याच संदर्भात कल्हईची आठवण करून दिली पाहिजे. पितळेच्या भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली तर ती कळकते. आम्लामुळे तांबे अन्नात उतरते. त्यावर उपाय म्हणून आतून कथिलाचा पातळ थर देत. कल्हईवाला भांडे तापवून आधी त्यावर नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, टाकी. तापल्यावर त्यातून निघणारी द्रव्ये धातूवरचा ऑक्साइडचा थर काढून टाकीत आणि मगच कथील नीट पसरे. पृष्ठभाग स्वच्छ झाल्याशिवाय पुढची क्रिया यशस्वी होत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. हेच तत्त्व आपल्याला जंतुनाशकांच्या बाबतीत पुन्हा भेटणार आहे.

नाकावर भिस्त

जंतूंचा शोध लागण्यापूर्वी घाण ओळखण्याचे मुख्य साधन नाक होते. दुर्गंधी हेच रोगाचे मूळ, असे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक वैद्यांना वाटे. गंमत अशी की या चुकीच्या समजुतीतून काही अचूक उपाय सापडले.

स्वीडनमधील शील यांनी १७७४ मध्ये क्लोरीन वायू प्रथम तयार केला. १७९९ मध्ये टेनंट यांनी विरंजक चूर्णाचे, म्हणजे आपल्या ब्लीचिंग पावडरचे, पेटंट घेतले. दोन्हींचा उपयोग कापड पांढरे करण्यासाठी होत असे. पॅरिसचे औषधनिर्माते लाबाराक यांनी १८२० च्या दशकात क्लोरीनयुक्त द्रावण वेगळ्याच ठिकाणी वापरले. जनावरांची आतडी स्वच्छ करून त्यांच्या तारा वगैरे बनवण्याचे कारखाने तेव्हा तिथे होते आणि त्यांची दुर्गंधी असह्य असे. लाबाराक यांच्या द्रावणाने ती कमी झाली आणि आतडी सडण्याचेही थांबले.

व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. शवविच्छेदन करून आलेल्यांच्या हातांचा वास साबणाने जात नाही, या पाण्याने जातो, एवढेच त्यांनी पाहिले होते. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये त्यांच्या विभागात बाळंतिणींच्या मृत्यूचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. जूनमध्ये ते २ टक्क्यांच्या आसपास आले. जंतू कोणी पाहिले नव्हते, तरी आकडे बोलत होते.

नाकावर विसंबण्याचा दुसरा परिणाम मुंबईने भोगला. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. मांडवी म्हणजे गोदीलगतचा, धान्याच्या वखारींचा भाग. पालिकेने मोठी स्वच्छता मोहीम काढली. गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक आम्ल सोडले, घरे धुतली, चुन्याने रंगवली. परंतु साथ हटली नाही. प्लेगचे जंतू उंदरांच्या पिसवांमार्फत पसरतात, ही कल्पना सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडली. भिजवलेल्या घरांतून उंदीर शेजारच्या घरांत जात होते आणि वखारींतले धान्य त्यांना पोसतच होते. कष्ट कमी पडले नव्हते. ते चुकीच्या जागी खर्ची पडत होते. कशापासून काय स्वच्छ करायचे आहे हे माहीत नसेल, तर नुसत्या धुण्याने रोग आटोक्यात येत नाही.

किती मरतात, किती उरतात?

१९०५ साली प्लेगच्या अभ्यासासाठी जे संशोधन मंडळ मुंबईत परळला काम करू लागले, त्यात लंडनच्या लिस्टर संस्थेचे संचालक चार्ल्स मार्टिन यांचा महत्त्वाचा वाटा होता. त्याच लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक या संशोधिकेने १९०८ मध्ये जंतुनाशनाविषयीचा एक निबंध प्रसिद्ध केला. स्वच्छतेचे गणित खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाले.

चिक यांनी जंतूंवर फिनॉलसारखी रसायने टाकली आणि ठरावीक वेळाने जिवंत किती उरले हे मोजले. त्यांना एक नियम दिसला. समान वेळात समान संख्येने जंतू मरत नाहीत. उरलेल्यांपैकी समान हिस्सा मरतो. हे उदाहरणाने पाहू. एखादे द्रावण एका मिनिटात ९० टक्के जंतू मारते असे धरू. भांड्यावर १० लाख जंतू असतील, तर पहिल्या मिनिटानंतर १ लाख उरतील, दुसऱ्यानंतर १० हजार आणि सहाव्या मिनिटाअखेर सरासरीने १. आता भांडे नीट न घासल्यामुळे त्यावर सुरुवातीलाच १०० कोटी जंतू असतील, तर सहा मिनिटांनंतरही १ हजार जिवंत राहतील. द्रावण तेच आणि वेळही तोच, पण परिणाम निराळा.

म्हणून कोणतेही जंतुनाशक वापरण्यापूर्वी भांडे घासून जंतूंची मूळ संख्याच कमी करावी लागते. याला दुसरेही कारण आहे. क्लोरीन जंतूंप्रमाणेच अन्नकणांवरही क्रिया करते. भांड्यावर डाळीचा थर असेल, तर बरेचसे क्लोरीन त्या डाळीतच संपते. गढूळ विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकूनही पाणी शुद्ध होत नाही, ते याच कारणाने. कल्हईवाल्याची रीत इथे पुन्हा आठवावी : आधी पृष्ठभाग मोकळा, मग पुढचे काम.

चिक आणि मार्टिन यांनी पुढे १९१० च्या सुमारास उष्णतेने प्रथिने कशी गोठतात याचाही अभ्यास केला. अंडे उकडले की घट्ट होते, ती ही क्रिया. भांडी धुण्याशी तिचा जवळचा संबंध आहे. दुधाच्या भांड्यात प्रथमच कढत पाणी ओतले तर आतली प्रथिने गोठून धातूला चिकटतात आणि मग ती खरवडावी लागतात. दुधाचे भांडे आधी साध्या किंवा कोमट पाण्यानेच विसळावे, ही घरातली शिकवण त्यामुळे शास्त्रशुद्ध ठरते.

मुंबईचे दूध

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईला दूध मिळे ते मुख्यतः शहरातल्याच म्हशींच्या तबेल्यांतून. दाट वस्तीत गोठे, शेणाचे ढीग, अपुरे पाणी आणि उघड्या भांड्यांतून होणारी वाटणी, अशी स्थिती होती. पालिकेच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या डॉ. लेम्युएल लुकास जोशी यांनी भारतीय शहरांतील दुधाच्या प्रश्नावर १९१६ मध्ये एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यात मुंबईचा विशेष विचार केला. दुधात पाणी घालतात ही तक्रार जुनी होती. पण त्या पाण्यातून, भांड्यांतून आणि हातांतून दुधात काय जाते, हा प्रश्न आता प्रयोगशाळेच्या टेबलावर आला.

पुढे मुंबईच्या दुधाचे नमुने इंग्लंडला तपासणीसाठी गेले आणि हे दूध लंडनच्या गटाराच्या पाण्याहूनही दूषित आहे असा शेरा आला, अशी एक गोष्ट दुग्धव्यवसायाच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. तिच्यात अतिशयोक्ती असेलही. पण प्रश्न गंभीर होता यात शंका नाही. आपल्याकडे बहुतेक घरांत दूध तापवूनच घेत, म्हणून अनर्थ काहीसा टळला. ज्या तान्ह्या मुलांना हे दूध नीट न तापवता किंवा मळक्या भांड्यातून पाजले जाई, त्यांना असे संरक्षण नव्हते.

१९४५ च्या सुमारास मुंबई सरकारने दूध योजना सुरू केली. खेडा जिल्ह्यातील आणंदहून पाश्चरीकरण केलेले दूध सुमारे सव्वाचारशे किलोमीटरचा प्रवास करून मुंबईला येऊ लागले. १९४९ मध्ये गोरेगावजवळ आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. शहरातले गोठे बाहेर हलवायचे, म्हशी एका जागी स्वच्छ गोठ्यांत ठेवायच्या आणि दूध तिथेच प्रक्रिया करून बाटल्यांत भरायचे, ही ती कल्पना. दूध आयुक्त दारा खुरोडी यांचा या कामात पुढाकार होता. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार खुरोडी, वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल या तिघांना मिळून देण्यात आला.

पहाटे केंद्रासमोरची रांग, तारेच्या जाळीत खणखणणाऱ्या काचेच्या बाटल्या आणि त्यांची ॲल्युमिनियमची टोपणे मुंबईच्या एका पिढीला चांगली आठवतात. रिकामी बाटली परत दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे. ती परत गेलेली बाटली पुन्हा दूध भरण्याजोगी करणे, हे मात्र सोपे काम नव्हते.

बाटली धुताना

परत येणाऱ्या बाटलीची विचारपूस कोण करणार? कुणी ती लगेच विसळलेली असे, कुणाच्या घरी ती दिवसभर तशीच पडून दूध तळाशी वाळलेले असे. कुणी तिच्यात तेल किंवा रॉकेलही ठेवी, असा जगभरच्या दुग्धशाळांचा अनुभव आहे. बाटलीचे तोंड अरुंद, आत हात जात नाही आणि संख्या हजारोंनी. तेव्हा हे काम यंत्रावर सोपवणे भाग होते आणि यंत्राला नेमके सांगावे लागते.

त्यासाठी आधी घाणीची ओळख पटवावी लागली. वाळलेल्या दुधात चार प्रकारचे पदार्थ असतात. दुग्धशर्करा पाण्यात सहज विरघळते. मेद थंड पाण्यात जात नाही; त्याला ऊब आणि अल्क लागतो. प्रथिने अल्कामुळे फुगतात, सुटी होतात. मात्र ती आधी गोठवून ठेवायची नाहीत. चौथा पदार्थ म्हणजे कॅल्शियम फॉस्फेटसारखे क्षार. तापवलेल्या दुधाच्या यंत्रांत त्यांचा पांढरट, खरखरीत थर बसतो. त्याला दुग्धशाळेत मिल्क स्टोन म्हणतात. तो अल्काला दाद देत नाही. त्यासाठी नायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्लाचे सौम्य द्रावण फिरवावे लागते. राखेची जागा कॉस्टिक सोड्याने घेतली आणि चिंचेची नायट्रिक आम्लाने, असे म्हणायला हरकत नाही.

बाटली धुण्याच्या यंत्रात बाटल्या प्रथम कोमट पाण्याने विसळल्या जातात. मग त्या कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात बुडतात. त्याचे तापमान साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअस असते. नंतर खालून जोराच्या धारा आत मारल्या जातात. पुढे गरम, कोमट आणि शेवटी क्लोरीन घातलेल्या थंड पाण्याने त्या खंगाळून पालथ्या निथळतात. तापमान पायरीपायरीने चढवावे आणि उतरवावे लागते, नाहीतर काच तडकते.

या सर्व अनुभवाची सोपी मांडणी १९५९ मध्ये जर्मनीतील हेंकेल कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट सिनर यांनी केली. धुण्याचे काम चार गोष्टी मिळून करतात : रसायन, यांत्रिक बळ, तापमान आणि वेळ. त्यांनी या चौघांचे एक वर्तुळ काढले. एकीचा वाटा कमी केला, तर उरलेल्या तिघींचा वाढवावा लागतो. गरम पाणी नसेल तर जास्त घासा. घासता येत नसेल तर जास्त वेळ भिजवा. करपलेले पातेले रात्रभर भिजत घालणारी गृहिणी हेच वर्तुळ वापरत असते.

दुग्धशाळेत पूर्वी नळ्या रोज सुट्या करून ब्रशने घासाव्या लागत. १९५० नंतर स्टेनलेस स्टीलच्या नळ्या न उघडता त्यांतून द्रावणे फिरवण्याची पद्धत रूढ झाली. इथे हाताच्या घासण्याची जागा प्रवाहाचा वेग घेतो. नळीतील द्रावण सेकंदाला सुमारे दीड मीटर वेगाने वाहावे असा संकेत आहे. संथ प्रवाहात नळीच्या भिंतीलगतचे पाणी जवळजवळ स्थिर राहते. वेग वाढला की प्रवाह खळाळता होतो आणि भिंतीलगतची घाण ओढून नेतो. जिथे नळीला बंद फाटा असतो तिथे हा खळाळ पोहोचत नाही. म्हणून धुण्याचा विचार यंत्र बनवतानाच करावा लागतो.

न दिसणारा थर

पिण्याच्या पाण्याचा माठ बरेच दिवस घासला नाही, तर आतून हाताला बुळबुळीत लागतो. पाणी तर स्वच्छ दिसते, मग ही बुळबुळ कशाची? हे जिवाणूंचे वसतिस्थान असते. पृष्ठभागाला चिकटलेले जिवाणू स्वतःभोवती चिकट पदार्थाचे आवरण तयार करतात आणि त्यात एकत्र राहतात. याला बायोफिल्म म्हणतात. कॉस्टर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये यावर लक्ष वेधले. पाण्यात सुटे तरंगणारे जिवाणू ज्या क्लोरीनने मरतात, त्याला या थरातले जिवाणू दाद देत नाहीत, कारण ते आतपर्यंत पोहोचतच नाही. इथे घासण्याला पर्याय नाही. थर मोडला की मगच औषध लागू पडते.

कर्जत-खालापूरसारख्या भागात पावसाळ्याचे चार महिने या दृष्टीने कसोटीचे असतात. हवा इतकी दमट की पालथी घातलेली भांडी वाळत नाहीत. ओलसर फडक्याने ती पुसली तर फडक्यातले जंतू सर्व भांड्यांना समान वाटले जातात! अशा वेळी शेवटी कढत पाणी ओतावे. त्यामुळे भांडे तापते आणि लवकर कोरडे होते. फडके रोज उकळून घ्यावे.

कारखान्यात हा न दिसणारा मळ ओळखायला आज काजव्याची मदत घेतात. काजव्याच्या प्रकाशासाठी एटीपी हा पदार्थ लागतो, हे मॅकएलरॉय यांनी १९४७ मध्ये दाखवले. एटीपी सर्व सजीव पेशींत असतो आणि बऱ्याच अन्नकणांतही. धुतलेल्या पृष्ठभागावर कापसाचा बोळा फिरवून तो काजव्याच्या रसायनात घातला आणि प्रकाश पडला, तर धुणे अपुरे आहे. जितका प्रकाश अधिक, तितका मळ अधिक.

धुण्याने काय जात नाही

या शास्त्राच्या मर्यादाही विद्यार्थ्यांना सांगितल्या पाहिजेत. जपानमध्ये २००० साली एका मोठ्या कंपनीचे दूध पिऊन १३ हजारांहून अधिक लोक आजारी पडले. प्रथम संशय आला तो ओसाका येथील कारखान्यातील, नीट न धुतलेल्या एका झडपेचा. तपास पुढे गेल्यावर मूळ सापडले दूरच्या होक्काइदो बेटावर. तिथल्या कारखान्यात ३१ मार्चला सुमारे तीन तास वीज गेली होती. तेवढ्या वेळात कोमट राहिलेल्या दुधात स्टॅफिलोकॉकस जिवाणू वाढले आणि त्यांनी विष तयार केले. नंतरच्या उष्णतेने जिवाणू मेले, पण विष टिकले, कारण ते उष्णतेने सहज नष्ट होत नाही. त्या दुधाची भुकटी पुढे ओसाकाला वापरली गेली. झडप धुतलेली असती तरी हे विष गेले नसते. शिजवलेले अन्न तासन्‌तास कोमट ठेवून मग पुन्हा तापवले म्हणजे झाले, ही समजूत म्हणूनच धोक्याची आहे.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आणि अधिक दुःखद आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात, धर्मासती गंडामन गावच्या शाळेत, दुपारचे जेवण जेवून २३ मुले दगावली. अन्नाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. तेल कीटकनाशकाच्या डब्यात ठेवले गेले होते, असे तपासात पुढे आले. कीटकनाशकाचा डबा कितीही धुतला तरी तो अन्नासाठी वापरायचा नाही. भाताच्या फवारणीचे रिकामे डबे आपल्याही गावांत घरोघरी आढळतात, तेव्हा हा नियम मुलांकरवी घरांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी शाळेची आहे असे आम्हाला वाटते.

आपल्या देशात अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ साली झाला. त्याचा भर तयार अन्नाचा नमुना तपासण्यावर होता. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने त्याची जागा घेतली. त्याखालील नियमांत अन्न तयार करण्याची जागा, पाणी, भांडी व कामगार यांच्या स्वच्छतेच्या अटी घातल्या आहेत. शेवटी नमुना तपासण्याऐवजी धोका जिथे शिरतो तिथेच त्याला अडवावे, हा त्यामागचा विचार.

वर्गात करून पाहा

*थोड्या पाण्यात धुणे.* भरपूर पाऊस पडूनही आपल्या भागातल्या अनेक वाड्यांना उन्हाळ्यात पाणी दुरून आणावे लागते. म्हणून हा प्रयोग महत्त्वाचा. दोन सारख्या मोठ्या बाटल्यांत १०० मिलिलिटर पाणी घेऊन प्रत्येकीत निळीचे सारखेच थेंब टाका. पहिलीत एकदम ३ लिटर पाणी घालून ढवळा आणि १०० मिलिलिटर ठेवून बाकीचे ओता. दुसरीत १ लिटर घालून तसेच ओता आणि ही कृती तीनदा करा. पाणी दोन्हीकडे तेवढेच लागले. पहिलीत निळीचा ३१ वा भाग उरेल. दुसरीत ११ गुणिले ११ गुणिले ११, म्हणजे १,३३१ वा भाग! ओतलेले पाणी बागेला जाईल.

*साबण गेला का?* गाळणकागद हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवा. खंगाळलेल्या भांड्यातील शेवटच्या पाण्याचा थेंब त्यावर टाका. कागद लालसर झाला तर धुण्याचा सोडा अजून उरला आहे.

*दूध आणि भांडे.* एक परीक्षानळी नीट घासून उकळत्या पाण्यातून काढा. दुसरी, कालचे दूध असलेली, नुसती विसळा. दोन्हींत प्रत्येकी १० मिलिलिटर कच्चे दूध आणि १ मिलिलिटर मेथिलीन ब्लूचे अगदी सौम्य द्रावण घाला. तोंड बंद करून नळ्या सुमारे ३७ अंशाच्या कोमट पाण्यात ठेवा आणि दर अर्ध्या तासाने पाहा. जिवाणू वाढून प्राणवायू वापरू लागले की निळा रंग जातो. दुधाची प्रत ठरवण्यासाठी ही चाचणी दुग्धशाळांत वापरतात. पाच तास रंग टिकला तर दूध उत्तम, अर्ध्या तासात गेला तर वाईट. हे दूध अर्थातच पिऊ नये.

हे प्रयोग झाले की मुलांना शाळेच्या स्वयंपाकघरात न्यावे आणि तिथल्या ताईंबरोबर एक तक्ता करावा : विसळणे, घासणे, खंगाळणे, निथळणे, वाळवणे. प्रत्येक टप्प्याला रसायन कोणते, बळ किती, पाणी किती गरम आणि वेळ किती, ते त्यांनाच विचारून भरावे. रोज शंभर-दीडशे ताटे धुणाऱ्या या बायकांकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते. तक्त्यात जी जागा रिकामी राहील, तिथे सुधारणेला वाव आहे असे समजावे आणि ती सुधारणा त्याच आठवड्यात करून पाहावी.